‘टाकी भरली’चं बटण

रविवार, १९ मे

सर्व्हर आज पुन्हा मेला. कार्यालयाच्या दारात हैफा उभी होती, हात कमरेवर. तिचं तोंड बघूनच मला कळलं.

“गेला, मावशी.”

“पुन्हा?”

“पुन्हा. आणि जाता जाता अख्ख्या जबल अत-ताज भागाला मागच्या आठवड्याची पाण्याची पाळी सांगून गेला. वॉल्व्हवाल्यांनी भलतीच गल्ली सोडली. फोन उचलू नका, लोक शिव्या घालतायत.”

मी उचलला. तक्रारींच्या टेबलावर माझी अर्धी उमर गेली आहे, शिव्यांची सवय आहे. बाई म्हणत होती, आठवड्यातून एकदा नळाला पाणी, तेवढ्यात छतावरची टाकी भरायची, आणि तुमच्या त्या यंत्राने तेही चुकवलं, आता टँकरवाल्याच्या पाया पडू का? तिचं खरं होतं. आमच्या सर्व्हरचं काम एवढंच: कुठल्या गल्लीत कधी पाणी सुटणार हे वॉल्व्हवाल्यांना सांगायचं आणि घराघरांतल्या फोनवर कळवायचं. तो बसला की अम्मान कोरडं.

दुपारी साहेबांनी, अबू दुरैदांनी, आम्हा दोघींना बोलावलं. ईदनंतर मंडळाची बैठक आहे. ईदच्या आठवड्यात सर्व्हर पडला तर बाहेरून तयार यंत्रणा विकत घ्यायची आणि आमचा विभाग बंद. विभाग म्हणजे मी आणि हैफा. ते हे सगळं खिडकीकडे बघत म्हणाले, म्हणजे त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

मला काळजी वाटली नाही असं नाही. पण घाबरले नाही. जावा ही कॉम्प्युटरची भाषा मी नवरा गेल्यावर पुस्तकं मागून आणून, पडत-धडपडत शिकले. पडलेल्याला कसं उठवायचं हे मला ठाऊक आहे. आता तो का पडतो ते शोधायचं.

बुधवार, २२ मे

आमच्या गल्लीची पाळी. कपडे, चादरी, पायपुसणी, सगळं एकदम धुतलं. पाणी कधी येतं म्हणून दर थोड्या वेळाने फोनवरचं अ‍ॅप उघडून बघत होते. आलं एकदाचं. टाकी काठोकाठ झाली तरी पाइप काढला नाही, दोन बादल्या आणि मोठं पातेलंही भरून घेतलं. अ‍ॅपने नेहमीप्रमाणे विचारलं, ‘टाकी भरली?’ मी फोन उशीखाली ठेवला.

संध्याकाळी सुहैबचा दोहाहून फोन. सगळे मला उम्म सुहैब, सुहैबची आई, म्हणतात; तो नुसतं म्हणतो, आई, आता विश्रांती घे. मी म्हटलं, सर्व्हर घेऊ देत नाही.

गुरुवार, २३ मे

साहेबांनी इर्बिदहून एक सल्लागार मागवले आहेत. डॉ. नायिफ, आमच्या बोलीत दुक्तूर. विद्यापीठात शिकवायचे, आता निवृत्त. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, पण कॉलरचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. हैफाने आधीच ठरवून टाकलं होतं की हा माणूस येणार, फळ्यावर लिहिणार आणि जाणार. त्यांनी फळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “आधी त्याचा श्वास बघू या.”

श्वास म्हणजे मेमरीचा आलेख. मी महिन्याभराचा उघडून दाखवला. करवतीसारखे दात: मेमरी भरत जाते, मग जावाचा झाडूवाला येतो, जे कुणाच्या हातात नाही ते झाडून नेतो, आलेख खाली येतो. इथवर सगळं ठीक.

“तळ बघा,” ते म्हणाले.

तळ दर झाडलोटीनंतर थोडा थोडा वर चढत होता. मला हे माहीत होतं, पण दुसऱ्याने बोट ठेवलं की दुखणं खरं होतं.

हैफाने सांगितलं की मागच्या महिन्यात तिने मेमरी दुप्पट केली होती. “तर तो मरायला दुप्पट वेळ घेतो, एवढाच फरक. आणि मरायच्या आधी दम कोंडून बसतो, कुणाला उत्तर देत नाही.”

“घर मोठं घेतलं म्हणून अडगळ कमी होत नाही,” दुक्तूर म्हणाले. “मेमरीत काहीतरी आहे जे कामाचं उरलेलं नाही, पण कुणीतरी हात धरून ठेवलंय. हात धरलेल्याला झाडूवाला हात लावत नाही. आपल्याला धरणारा शोधायचाय.”

मी कडू कॉफी दिली. आपल्याकडे पाहुण्याने कप हलवला की पुरे, नाही हलवला की यजमानाने ओतत राहायचं. हे काही कप हलवेनात. थर्मास अर्धा झाला.

“दुक्तूर,” हैफा म्हणाली, “इर्बिदला कॉफी मिळत नाही का?”

“मिळते. पण तिथे मीच करतो, आणि ती मलाच प्यावी लागते.”

चांगला माणूस आहे. जरा हावरट आहे.

रविवार, २६ मे

तिसऱ्या प्रहरी सर्व्हर पुन्हा पडला. मरताना मेमरीचा पूर्ण फोटो काढून ठेव, अशी सूचना आम्ही त्याला देऊन ठेवली होती. फोटो मिळाला तो अर्धाच. कारण आमचा राखणदार प्रोग्राम. सर्व्हर उत्तर देत नाही हे दिसलं की तो त्याला मारून नव्याने उभा करतो. फोटो निघत असताना सर्व्हर उत्तर देत नाही. राखणदाराने त्याला मधेच संपवलं.

“म्हणजे मावशी, छायाचित्रकार क्लिक करतोय आणि आपल्याच माणसाने मयत उचलून न्हाणीत नेलं,” हैफा म्हणाली.

दुक्तूर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून पुसला. मी पण हसले. विभाग बुडत असताना हसायला बरं वाटतं.

आता एकच उपाय: तो जिवंत असताना, मेमरी चांगली फुगलेली असताना, राखणदाराला झोपवून फोटो काढायचा. आणि त्यानंतर दोन दिवसांनी दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले की वाढलेलं पोट दिसतं. पण फोटो निघेपर्यंत सर्व्हर गोठतो, आणि तोही भर पाळीच्या दिवशी. साहेबांची परवानगी लागणार. साहेब देणार नाहीत.

मंगळवार, २८ मे

साहेबांनी दिली. कशी, ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

आम्ही तिघं त्यांच्या खोलीत गेलो. कॉफी आली. मी सगळं समजावलं. ते मान हलवत होते, पण नकाराच्या दिशेने. “उम्म सुहैब, उन्हाळा तोंडावर आहे. मुद्दाम सर्व्हर बंद करा म्हणून मी मंत्रालयाला काय तोंड दाखवू?”

दुक्तूरांनी आपला भरलेला कप टेबलावर ठेवला. एक घोटही न घेता.

मागणं घेऊन आलेला माणूस असा कप ठेवतो, आणि मागणं मान्य होईपर्यंत यजमानाची कॉफी पीत नाही. दोन घराण्यांचं भांडण मिटवताना ठेवतात, मुलीचा हात मागताना ठेवतात. सर्व्हर बंद ठेवण्यासाठी कुणी ठेवल्याचं मी या जन्मात ऐकलं नव्हतं.

साहेब कपाकडे बघत राहिले. “दुक्तूर, हे काय? माझी मुलगी मागताय?”

“तुमची मुलगी सातवीत आहे. मला फक्त अर्धा तास हवाय. दोन वेळा.”

“माणसाने एवढ्यासाठी कप ठेवायचा?”

“माझ्यासाठी एवढंच आहे सध्या.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. “प्या. दिला.”

बाहेर आल्यावर मी दुक्तूरांना म्हटलं, असली हत्यारं जपून वापरावीत. ते म्हणाले, “जपूनच वापरतो, उम्म सुहैब. एक अजून शिल्लक आहे.” काय म्हणायचं होतं देव जाणे.

रविवार, २ जून

दोन्ही फोटो मिळाले. पहिला गुरुवारी, दुसरा काल. माझी सुट्टी गेली, पण फोटो पूर्ण आहेत.

सर्वांत जास्त जागा कुणी खाल्ली ते आधी पाहिलं. यादीत सगळ्यात वर नुसत्या बाइटांच्या ओळी आणि अक्षरं. त्यावरून काही कळत नाही. स्वयंपाकघरात सर्वांत जास्त काय आहे असं विचारलं तर पीठ, म्हणून काय पिठाने चोरी केली?

माझा संशय मासिक अहवालांवर होता. अर्धा दिवस त्यांच्यामागे घालवला. अहवाल बिचारे सज्जन निघाले, काम झालं की आवरून जातात. हैफा म्हणाली, “मावशी, तुमचा त्या अहवालांवर जुना राग आहे.” आहे. ते सोडा.

मग दुक्तूरांनी उलटं जायला सांगितलं. अडगळीतली एक वस्तू उचलायची आणि विचारत जायचं: तुला कोण धरून आहे? त्याला कोण? त्याला? असं करत मुळापर्यंत. आम्ही एक उचलली, दुसरी उचलली, दहावी उचलली. दर वेळी एकाच दाराशी येऊन पोचलो: वाट पाहणाऱ्या घरांची यादी. ज्या घराचं अ‍ॅप उघडलं जातं ते पाण्याची वाट बघायला या यादीत बसतं. बसताना आपल्या गल्लीचं अख्खं वेळापत्रक मांडीवर घेऊन बसतं. आणि उठत नाही. यादीत इतकी घरं होती की अम्मान दमास्कसला जाऊन टेकलं असतं.

हैफाने एक घर उघडून बघितलं, मग शेजारचं. “एकच घर आहे. हे बघा. एकच घर परत परत बसलंय.”

धरणारा सापडला. मी मनातल्या मनात जिंकले.

सोमवार, ३ जून

जिंकले नाही. यादीतून उठवायची सोय कोडमध्ये आहे. गेल्या वर्षी अ‍ॅप बनवणाऱ्या बाहेरच्या मंडळींनी ती व्यवस्थित लिहिली आहे: घरमालकाने ‘टाकी भरली’ दाबलं की त्या घराच्या सगळ्या नोंदी यादीतून जातात. हैफाने चाचणी घेतली. दाबलं, गेल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा गेल्या. दिवसभर दाबत बसली, एकदाही चुकलं नाही.

“कोड बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. तिने मेमध्येच भाड्याचं घर बदललं आहे, आईला आणलं आहे. विभाग बंद झाला तर मला सुहैब आहे, तिला कोण आहे? मी तिच्यासमोर तुतीच्या फळांची वाटी सरकवली. खाल्ली तिने. बोटं काळी करून घेतली.

दुक्तूर म्हणाले, “बरोबर कोड अशा तऱ्हेने मेमरी खात नाही. आपण विचारायचा प्रश्न चुकतोय.” मग मला म्हणाले, आणखी कॉफी आहे का.

बुधवार, ५ जून

आज सापडलं. माझ्याच छतावर.

पाण्याचा दिवस, घर सोडता येईना, म्हणून दोघांना घरीच बोलावलं. छतावर द्राक्षवेलीच्या सावलीत टेबल मांडलं. मसूर-भाताची मजद्दरा केली होती, वर भरपूर परतलेला कांदा. कॉम्प्युटर उघडे, मोटर चालू, टाकीत पाणी पडतंय. टाकी भरून वाहायला लागली, मी बादल्या लावल्या. फोन किणकिणला: ‘टाकी भरली?’ मी तो उशीखाली सारायला गेले, पण छतावर उशी नव्हती. पालथा ठेवला.

दुक्तूर बघत होते. “दाबत नाही?”

“काय?”

“बटण. टाकी भरली ना?”

“दुक्तूर, मला काय वेड लागलंय? भरली म्हणून कळवलं की गल्लीचा वॉल्व्ह बंद करतील.”

“तो गल्लीचा वॉल्व्ह एका घरावर चालत नाही. तुम्हीच वेळापत्रक बनवता.”

“ते मला माहीत आहे,” मी म्हटलं. “म्हणून काय दाबायचं?”

हैफाचा चमचा तोंडाशी थांबला. “माझी आई तर फोन पिशवीत घालून ठेवते. चुकून दाबला जाऊ नये म्हणून.”

मी उठले, कठड्याशी गेले आणि समोरच्या छतावर चादरी वाळत घालणाऱ्या उम्म रशादला हाक मारली. “अगं, तू ते ‘टाकी भरली’ दाबतेस का?”

“मी?” ती ओरडली. “मी तुला मूर्ख वाटले का? तू पाणीखात्यात आहेस म्हणून असलं शिकवू नकोस लोकांना.”

या शहरात टाकी भरली असं कुणी कुणाला सांगतं का? जन्मापासून आपण टंचाईत वाढलो, भरलेलं पातेलंसुद्धा झाकून ठेवतो. ते अ‍ॅप बनवणारे चोवीस तास नळ असलेल्या गावचे असणार. त्यांना वाटलं, भरली की माणूस भरली म्हणेल. आणि चाचणीत दाबणारी कोण? हैफा. तिच्या चाचणीच्या घराला टाकीच नव्हती.

मग बाकीचं आपोआप सुटत गेलं. लोक उन्हाळ्यात दिवसातून किती वेळा अ‍ॅप उघडतात ते मी स्वतःवरूनच जाणते. दर उघडण्याला नवी बैठक, जुनी तशीच. सर्व्हर बिचारा सगळ्यांसमोर कॉफीची किटली घेऊन उभा.

माझ्या हातात तेव्हा कॉफीचा थर्मासच होता. दुक्तूरांचा कप पुढे आलेला, कधीचा.

“तुमच्यासारखेच लोक हे,” मी म्हटलं. “कुणी कप हलवत नाही, आणि यजमान मरेपर्यंत ओततो.”

“यजमान चांगला असला की असंच होतं,” ते म्हणाले.

गुरुवार, ६ जून

दिवसभर आम्ही दोघी भांडलो. हैफाचं म्हणणं, फोन गप्प झाला की लगेच यादीतून काढा. माझं म्हणणं, लिफ्टमध्ये गेलं, बोगद्यात गेलं तरी फोन गप्प होतो. पाण्याची वाट बघणाऱ्याला असं हाकलायचं नसतं. शेवटी ठरलं: एका घराला एकच बैठक, अ‍ॅप कितीदाही उघडा. आणि गल्लीची पाळी संपली की यजमानाने स्वतःच सगळे कप उचलायचे, कुणी हलवो न हलवो. हैफाने लिहिलं, मी तपासलं, दुक्तूरांनी दोन चुका काढल्या, एक खरी निघाली.

साहेबांना समजावलं. त्यांना न विचारता कप उचलणं जरा असभ्य वाटलं. मी म्हटलं, अबू दुरैद, पाहुणे केव्हाच घरी जाऊन झोपलेत, आपण त्यांच्या रिकाम्या गाद्यांना कॉफी पाजतोय. मग पटलं.

बटण तसंच ठेवलं. कुणी दाबणार नाही, पण विचारपूस केलेली लोकांना आवडते.

रविवार, ९ जून

तळ वर चढतोय. थोडासाच, पण चढतोय. दुपारचं जेवण गेलं नाही. हैफा माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे.

दुक्तूर म्हणाले, नुकताच उठलेला माणूस आहे, त्याला लागणारं सामान काढून ठेवू द्या. थांबा.

थांबले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवार, ११ जून

थांबला. काल दुपारपासून तळ सपाट. मोजपट्टी लावून बघितलं. हैफाने आलेख छापून भिंतीवर लावला, शेजारी जुना करवतीचा. साहेब येऊन दोन्हींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “हा हृदयविकाराचा आणि हा झोपलेल्या माणसाचा.” अगदी.

आज रात्री मी नीट झोपणार.

गुरुवार, १३ जून

ईदच्या आधीचा शेवटचा कामाचा दिवस. अख्खं शहर धुणं-पुसणं करतंय, सगळे अ‍ॅप उघडून बसलेत. सर्व्हरवर असा भार कधी आला नव्हता. दात मोठे झाले, तळ जागेवर. मी बघतच राहिले. आपलं पोर परीक्षेत पुढे जाताना बघावं तसं.

दुक्तूरांचं काम संपलं. निघताना किल्ल्या विसरले, परत आले. मग चष्मा विसरले, परत आले. एवढा हुशार माणूस, पण वस्तूंच्या बाबतीत अगदी धांदरट. मी मकदूसची, तेलात मुरवलेल्या भरल्या वांग्यांची, बरणी बांधून दिली. शेवटचा कपही हलवला नाही. थर्मास रिकामा झाला तेव्हा थांबले.

हैफा म्हणाली, “मावशी, तुम्हाला खरंच काही दिसत नाही का?” मी म्हटलं, सगळं दिसतंय, तळ सपाट आहे. ती कपाळावर हात मारून गेली. आजकालच्या मुलींना कामात रस टिकत नाही.

गुरुवार, २० जून

ईद गेली. सर्व्हर एकदाही पडला नाही. बैठक झाली. अबू दुरैद स्वतः खाली आले, कुनाफा मिठाईचं ताट घेऊन. विभाग राहतो, यंत्रणा राहते. हैफाने आईला फोन लावला आणि जिन्यात जाऊन रडली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

इर्बिदला कळवावं म्हणून दुक्तूरांना फोन केला. त्यांना आधीच माहीत होतं, घरूनच रोज आलेख बघतात म्हणे. म्हणाले, उद्या बहिणीला घेऊन अम्मानला येतोय, जमल्यास घरी येऊ का. मी म्हटलं, तळ सपाट आहे, बघायला काही नाही. ते म्हणाले, तरीही.

आज कार्यालयात थर्मास भरला होता. संध्याकाळी तो तसाच भरलेला घरी आणला.

शुक्रवार, २१ जून

सकाळी सुहैबचा दोहाहून फोन. म्हणतो, “आई, आज कॉफी नीट कर हं. वेलदोडे सढळ हाताने घाल.” आणि हसत होता. मी विचारलं, तुला काय माहीत कोण येणार आहे ते? म्हणतो, मला परवाच विचारून झालंय. मला काही उलगडेना. त्याला कोण काय विचारणार?

दुपारी दोघं आले. दुक्तूर आणि त्यांची थोरली बहीण सलवा. त्यांचा नवा शर्ट, सगळी बटणं एका दोऱ्याची. पेटीभर जर्दाळू आणले. पाण्याच्या, ईदच्या गोष्टी झाल्या. मी कॉफी ओतली. सलवाने कप घेतला आणि टेबलावर ठेवला. मग दुक्तूरांनी घेतला.

ठेवला.

हा तोच माणूस ज्याने एकदाही कप हलवला नाही. मी विचारलं, पोट बिघडलंय का? ते म्हणाले, “नाही, उम्म सुहैब.” सलवा माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मला सकाळचा सुहैबचा फोन आठवला. मग हैफाचा कपाळावरचा हात. मग शिल्लक राहिलेलं ते हत्यार.

मी म्हटलं, जर्दाळू धुऊन आणते, आणि स्वयंपाकघरात आले. जर्दाळू केव्हाच धुऊन झाले. तेव्हापासून इथे उभी राहून हे लिहिते आहे. बाहेर आवाज नाही. दोन भरलेले कप आणि दोन माणसं, मुकाट. एवढ्या मेमरीच्या दारापर्यंत मी माग काढत गेले, आणि महिनाभर माझ्याच टेबलाशी कोण का बसून होतं ते मला दिसलं नाही.

न विचारता कप उचलायचा नियम आम्हीच केला, पण तो पाळी संपलेल्यांसाठी. यांची अजून संपलेली नाही.

ती कॉफी आता निवली असेल. ताजी ठेवली आहे. ती घेऊन जाईन, त्यांच्यासमोर ठेवीन आणि म्हणेन, प्या. आणि एक अटही घालीन: इथून पुढे पुरे झालं की कप हलवायचा. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला मला किती वेळ लागतो ते त्यांनी पाहिलंच आहे.

उकळी आली.